घटक ७ : वेबपृष्ठावरील चित्राचे आकारमान बदलणे

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला
- कॅनव्हास म्हणजे काय आणि त्याला दोन प्रकारची मापे का असतात, हे सांगता येईल.
- चित्राचे प्रमाण न बिघडवता नवी रुंदी व उंची काढता येईल.
- चित्र लहान करताना कोणती माहिती नाहीशी होते व ती कशी वाचवावी, हे स्पष्ट करता येईल.
- स्क्रिप्ट लायब्ररी हे काम कसे सोपे करते, हे समजेल.
- जुन्या मराठी मजकुराच्या छायाप्रती वेबपृष्ठावर ठेवताना घ्यावयाची काळजी सांगता येईल.

७.१ प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण जुन्या नियतकालिकांची पाने स्कॅनरच्या साहाय्याने संगणकावर कशी आणावीत, हे पाहिले. प्रस्तुत घटकात त्यापुढच्या टप्प्याचा विचार करू. पान संगणकात आले. आता ते वेबपृष्ठावर ठेवायचे आहे. मूळ फाइल मोठी असते, वाचकाच्या हातातील मोबाइलचा पडदा लहान असतो. तेव्हा चित्र लहान करावे लागते. हे काम यांत्रिक आहे, त्याचा भाषेच्या अभ्यासाशी काय संबंध, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका उदाहरणाने पाहू.

समजा, तुमच्या गावच्या वाचनालयात १९४० च्या सुमारास छापलेल्या एका मासिकाचा एकच अंक उरला आहे. त्यातील एका वाक्यात 'भांडे' हा शब्द आहे. चित्र निष्काळजीपणे लहान केले आणि अनुस्वाराचा बिंदू पुसला गेला, तर वाचकाला तेथे 'भाडे' दिसेल. 'शेजारणीने भाडे मागितले' असे वाचून वाचक क्षणभर गोंधळेल. पण संदर्भावरून चूक त्याच्या ध्यानात येण्याची शक्यता आहे. त्याच पानावरचा 'नाहीं' हा शब्द मात्र 'नाही' असा दिसू लागला, तर कोणालाही संशय येणार नाही. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. त्यापूर्वीच्या छापील मराठीत 'नाहीं', 'केलें', 'कीं' असे लेखन रूढ होते. भाषेच्या इतिहासाच्या अभ्यासकासाठी तो बिंदू हा पुरावा आहे. तो नाहीसा झाला की जुने पान आजच्या लेखनपद्धतीचे भासू लागते, आणि ही चूक वाचून पकडता येत नाही. म्हणून चित्राचे आकारमान बदलणे ही क्रिया नीट समजून घेणे मराठीच्या विद्यार्थ्यालाही आवश्यक आहे.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ कॅनव्हास म्हणजे काय?

वेबपृष्ठ एचटीएमएल या भाषेत लिहिलेले असते. या भाषेत परिच्छेदासाठी, शीर्षकासाठी, चित्रासाठी निरनिराळे घटक असतात. 'कॅनव्हास' हा त्यांपैकीच एक घटक होय. अॅपल कंपनीने २००४ मध्ये तो प्रथम आपल्या प्रणालीत आणला. पुढे इतर ब्राउझरांनी तो स्वीकारला व एचटीएमएलच्या प्रमाणित रूपात त्याचा समावेश झाला.

कॅनव्हास म्हणजे पृष्ठावरील एक कोरी चौकट. तिच्यात आपोआप काहीही दिसत नाही. जावास्क्रिप्ट या भाषेतील आज्ञा देऊन तिच्यावर रेषा, अक्षरे किंवा चित्र उमटवावे लागते. चित्रकाराच्या ताणलेल्या कापडाशी तिची तुलना योग्य आहे, कारण एकदा रंग उमटला की कापडाला फक्त रंग ठाऊक असतो. तो रंग कोणत्या चित्रातून आला, याची त्याला आठवण नसते. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

कॅनव्हास असंख्य लहान चौकोनांचा बनलेला असतो. अशा प्रत्येक चौकोनाला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलसाठी तांबडा, हिरवा, निळा आणि पारदर्शकता अशी चार मूल्ये साठवली जातात; प्रत्येक मूल्याला साधारणतः एक बाइट लागतो. ए-४ आकाराचे पान दर इंचास ३०० बिंदू या मापाने स्कॅन केले, तर २४८० पिक्सेल रुंद व ३५०८ पिक्सेल उंच असे चित्र मिळते. म्हणजे एकूण ८६,९९,८४० पिक्सेल. कॅनव्हासवर ते पूर्ण आकारात उमटवायचे तर सुमारे ३ कोटी ४८ लाख बाइट स्मृती लागते. साध्या मोबाइलवर अशी दहा पाने एकाच वेळी उघडली तर ब्राउझर का अडखळतो, हे यावरून कळेल.

७.२.२ दोन मापे : आतले आणि बाहेरचे

नवशिक्या विद्यार्थ्याची सर्वाधिक फसगत येथे होते. कॅनव्हासला दोन मापे असतात. पहिले माप आतले : चौकटीत किती पिक्सेल आहेत. हे माप घटकाच्या रुंदी व उंची या गुणधर्मांनी ठरते. ते न दिल्यास ब्राउझर ३०० गुणिले १५० हे माप गृहीत धरतो. दुसरे माप बाहेरचे : पृष्ठावर ती चौकट किती जागा व्यापते. हे माप शैलीपत्रकातून, म्हणजे सीएसएसमधून ठरते.

ही दोन मापे वेगवेगळी असू शकतात. आतले माप ३०० गुणिले १५० ठेवून बाहेरून चौकट ६०० गुणिले ६०० केली, तर ब्राउझर आतील चित्र ताणून तेवढ्या जागेत बसवतो. चित्र पुसट दिसते आणि उभे ताणले जाते. फुग्यावर लिहून फुगा फुगवावा तशी अक्षरे पसरतात. शाई तेवढीच राहते.

आता उलट बाजू पाहा. आजच्या अनेक मोबाइलांच्या पडद्यावर सीएसएसच्या एका पिक्सेलच्या जागेत प्रत्यक्षात आडवे दोन किंवा तीन पिक्सेल असतात. ब्राउझर हे प्रमाण स्क्रिप्टला सांगू शकतो. प्रमाण दोन असेल आणि चित्र ४०० पिक्सेल रुंद दाखवायचे असेल, तर कॅनव्हासचे आतले माप ८०० ठेवावे आणि बाहेरचे ४००. असे केले की अक्षरांच्या कडा रेखीव दिसतात. बारीक वेलांट्या आणि रफार असलेल्या देवनागरी मजकुरात हा फरक चटकन जाणवतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कॅनव्हासचे आतले माप स्क्रिप्टमधून बदलले की त्यावरील सर्व काही पुसले जाते, अगदी तेच माप पुन्हा दिले तरीही. म्हणून आधी माप ठरवावे आणि नंतर चित्र उमटवावे.

७.२.३ प्रमाण राखणे

चित्राची रुंदी व उंची यांच्या परस्पर प्रमाणास गुणोत्तर म्हणतात. आकारमान बदलताना दोन्ही मापांना एकाच संख्येने गुणले तर गुणोत्तर कायम राहते. या संख्येला आपण 'मापनगुणक' म्हणू. तो काढण्याची रीत सोपी आहे.

१. चौकटीच्या रुंदीला चित्राच्या रुंदीने भागा.
२. चौकटीच्या उंचीला चित्राच्या उंचीने भागा.
३. संपूर्ण चित्र चौकटीत दिसायला हवे असेल तर दोन्ही उत्तरांतील लहान संख्या घ्या. चौकट पूर्ण भरायला हवी असेल तर मोठी संख्या घ्या.

उदाहरण : आपले पान २४८० गुणिले ३५०८ आहे व चौकट ८०० गुणिले ६०० आहे. पहिला भागाकार सुमारे ०.३२३ आणि दुसरा सुमारे ०.१७१ येतो. लहान गुणक घेतल्यास पान ४२४ गुणिले ६०० इतके होते. ते संपूर्ण दिसते, बाजूला मोकळी जागा राहते. मोठा गुणक घेतल्यास पान ८०० गुणिले ११३२ होते. रुंदी भरते, पण उंचीतील ५३२ पिक्सेल चौकटीबाहेर जातात.

निसर्गचित्राचा काही भाग कापला गेला तर फारसे बिघडत नाही. मजकुराच्या पानाचा भाग कापला तर ओळीच नाहीशा होतात. म्हणून मजकुरासाठी नेहमी लहान गुणक घ्यावा. अक्षरे वाचता येत नसतील तर वाचकाला पान मोठे करून पाहण्याची सोय द्यावी; पान कापू नये.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

(अ) १६०० गुणिले १२०० मापाचे छायाचित्र ४०० गुणिले ४०० च्या चौकटीत संपूर्ण दिसायला हवे. त्याचे नवे माप किती?
(आ) चूक की बरोबर : सीएसएसमधून कॅनव्हासची रुंदी वाढवली की त्यातील पिक्सेलांची संख्या वाढते.

७.२.४ चित्र लहान होते तेव्हा नेमके काय घडते?

चित्र कॅनव्हासवर उमटवण्याच्या आज्ञेत चित्र, त्याची जागा आणि नवी रुंदी-उंची द्यायची असते. बाकीचे काम ब्राउझर करतो. हे काम कसे होते, हा या घटकाचा गाभा आहे.

आपले पान एक-चतुर्थांश केले तर ते ६२० गुणिले ८७७ होते. रुंदी चौथाई, उंचीही चौथाई. म्हणून एकूण पिक्सेल सोळाव्या हिश्श्याइतके उरतात. याचा अर्थ, नव्या चित्रातील प्रत्येक पिक्सेलने जुन्या सोळा पिक्सेलांचे प्रतिनिधित्व करावयाचे आहे. प्रतिनिधी कसा निवडावा, याच्या तीन मुख्य रीती आहेत.

*पहिली रीत : जवळचा एक पिक्सेल उचलणे.* सोळांतील एक घ्यायचा आणि पंधरा सोडून द्यायचे. ही रीत वेगवान आहे, पण मजकुरासाठी घातक आहे.

*दुसरी रीत : शेजारच्या चार पिक्सेलांची भारित सरासरी.* हिला द्विरेषीय अंतर्वेशन म्हणतात. चित्र निम्मे करताना ही रीत चोख चालते, कारण नेमके चार पिक्सेल मिळून एक होतो. परंतु एका झेपेत चौथाई केले तर सोळांपैकी बारा पिक्सेलांकडे तिचे लक्षच जात नाही.

*तिसरी रीत : अधिक विस्तृत परिसराचा विचार.* कॉर्नेलियस लँक्झोश या हंगेरियन गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी गाळणी या प्रकारात मोडते. ती दूरच्या पिक्सेलांनाही थोडे थोडे वजन देते व कडा रेखीव ठेवते. तिला वेळ अधिक लागतो.

आता अनुस्वाराकडे परत येऊ. छापील अनुस्वाराचा व्यास अर्धा मिलिमीटर धरला, तर ३०० बिंदूंच्या स्कॅनमध्ये तो सुमारे सहा पिक्सेल रुंद येतो. पान एक-अष्टमांश केले व पहिल्या रीतीने दर आठ पिक्सेलांतून एक उचलला, तर सहा पिक्सेलांचा बिंदू दोन उचलींच्या मध्ये अलगद सुटू शकतो. बिंदू पुसट होतो असे नव्हे; तो नसतोच. सर्व चौसष्ट पिक्सेलांची सरासरी घेतली, तर बिंदूचे सुमारे अठ्ठावीस काळे पिक्सेल हिशेबात येतात आणि बिंदू एका नव्या पिक्सेलमध्ये संपूर्ण सामावला तर तेथे सुमारे ४४ टक्के करडा ठिपका उमटतो. तो फिकट असतो, पण असतो. वाचकाला निदान शंका घेता येते. 'काही नाही' आणि 'काहीतरी आहे' यांतील हे अंतर पाठचिकित्सेत फार मोठे असते.

ब्राउझरमध्ये या संदर्भात दोन गोष्टी आपल्या हाती असतात. पहिली, गुळगुळीतपणा चालू ठेवणे. तो मुळात चालूच असतो, बंद केल्यास पहिली रीत वापरली जाते. दुसरी, त्याचा दर्जा 'कमी', 'मध्यम' किंवा 'उच्च' असा सांगणे. न सांगितल्यास 'कमी' धरला जातो. या सूचनेचा अंमल सर्व ब्राउझर सारखाच करतील असे नाही. म्हणून जाणकार एक जुनी युक्ती वापरतात : चित्र एकदम चौथाई न करता आधी निम्मे करायचे आणि मग पुन्हा निम्मे. २४८० वरून १२४०, त्यानंतर ६२०. प्रत्येक पायरीवर चार पिक्सेलांचा एक होतो व सोळाही पिक्सेल हिशेबात येतात.

येथे एक सत्य स्पष्टपणे सांगितले पाहिजे. लहान केलेले चित्र पुन्हा मोठे करून गेलेली माहिती परत मिळत नाही. संगणक मधल्या जागा अंदाजाने भरतो. तो अंदाज मूळ पानातील पुरावा नव्हे.

७.२.५ लायब्ररी कशासाठी?

लायब्ररी म्हणजे वारंवार लागणाऱ्या आज्ञांचा तयार संच. कॅनव्हासला चित्राची आठवण नसते, हे आपण पाहिले. त्यामुळे वाचकाने चित्राचा कोपरा पकडून ओढावा आणि चित्र लहान-मोठे व्हावे अशी सोय करायची तर माउस कोठे आहे, कोणता कोपरा पकडला, आधीचे चित्र पुसून नवे कसे उमटवावे, हे सारे आपल्यालाच लिहावे लागते. 'फॅब्रिक' किंवा 'कोन्व्हा' या मुक्तपणे उपलब्ध लायब्रऱ्या हे ओझे उचलतात.

फॅब्रिकमध्ये चित्र ही एक स्वतंत्र वस्तू मानली जाते. ती निवडली की तिच्याभोवती चौकट व ओढण्यासाठी मुठी दिसतात. कोपऱ्याची मूठ ओढल्यास प्रमाण राखून आकार बदलतो; बाजूची मूठ ओढल्यास केवळ एका दिशेने बदलतो. मजकुराच्या पानासाठी बाजूच्या मुठी लपवून ठेवणे श्रेयस्कर, म्हणजे अक्षरे चुकूनही चपटी होणार नाहीत.

चित्र ओढल्यावर लायब्ररी त्याची मूळ रुंदी-उंची बदलत नाही. ती फक्त आडवा व उभा मापनगुणक बदलते. कोन्व्हातही तसेच घडते. त्यामुळे 'रुंदी किती?' असे विचारल्यास मूळ आकडाच मिळतो व विद्यार्थी गोंधळतो. प्रत्यक्ष दिसणारी रुंदी हवी असेल तर मूळ रुंदीला गुणकाने गुणावे. फॅब्रिकमध्ये त्यासाठी वेगळी आज्ञाही आहे. ही रचना आपल्या कामाची आहे. मूळ चित्र अबाधित राहते, म्हणून चित्र दहा वेळा लहान-मोठे केले तरी दर वेळी ते मुळावरून नव्याने उमटते. केवळ कॅनव्हासवरचे पिक्सेल घेऊन तेच लहान, मग मोठे, मग पुन्हा लहान करत गेलो तर प्रत्येक फेरीत झीज होते. नकलेवरून नक्कल करताना पाठ भ्रष्ट होत जातो, तसाच हा प्रकार.

फॅब्रिकमध्ये आकारमान बदलण्यासाठी एक गाळणीही आहे व तीत लँक्झोशसह इतर रीती निवडता येतात. 'पिका' नावाची लायब्ररी तर चित्र उत्तम दर्जाने लहान करणे याच कामासाठी लिहिलेली आहे. हे काम ती पडद्यामागे करू शकते; त्यामुळे पृष्ठ गोठत नाही.

७.२.६ जतन करताना घ्यावयाची काळजी

(अ) *फाइलचा प्रकार :* कॅनव्हासवरील चित्र फाइलच्या रूपात बाहेर काढता येते. प्रकार न सांगितल्यास ते पीएनजी प्रकारात मिळते. त्यात माहितीची झीज होत नाही. जेपेग प्रकारात फाइल लहान होते, पण अक्षरांच्या कडांभोवती करडे डाग पडू शकतात. छायाचित्रांसाठी जेपेग व मजकुरासाठी पीएनजी, हा साधा नियम ठेवावा.

(आ) *चित्राची प्रतीक्षा :* चित्र पूर्ण उतरण्यापूर्वीच उमटवण्याची आज्ञा दिली तर कॅनव्हास कोरा राहतो. चित्र आल्याची सूचना मिळाल्यावरच पुढची पायरी घ्यावी.

(इ) *परक्या ठिकाणचे चित्र :* दुसऱ्या संकेतस्थळावरील चित्र त्या स्थळाच्या अनुमतीविना कॅनव्हासवर उमटवल्यास ते दिसते, पण तेथून बाहेर काढता येत नाही. सुरक्षिततेसाठी ब्राउझर तशी मनाई करतो.

(ई) *मजकुराची साथ :* कॅनव्हासवरील अक्षरे ही चित्रे असतात. शोधयंत्राला ती वाचता येत नाहीत. दृष्टिहीन वाचकाच्या वाचनयंत्रालाही नाही. म्हणून पानाच्या चित्रासोबत त्याचा टंकलिखित मजकूर अवश्य द्यावा.

(उ) *मूळ प्रत :* स्कॅन केलेली मूळ फाइल कधीही लहान करून त्याच नावाने साठवू नये. लहान प्रत वेगळ्या नावाने ठेवावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

(अ) चित्राची रुंदी व उंची एक-पंचमांश केली, तर नवा एक पिक्सेल जुन्या किती पिक्सेलांचे प्रतिनिधित्व करतो?
(आ) फॅब्रिकमध्ये ९०० पिक्सेल रुंद चित्राचा आडवा मापनगुणक ०.४ आहे. दिसणारी रुंदी किती?

७.३ सारांश

कॅनव्हासला आतले व बाहेरचे अशी दोन मापे असतात. ती समजून न घेतल्यास चित्र पुसट किंवा ताणलेले दिसते. प्रमाण राखण्यासाठी रुंदी व उंची यांना एकच मापनगुणक लावावा. मजकुराच्या पानासाठी लहान गुणक निवडावा. चित्र लहान करणे म्हणजे अनेक पिक्सेलांतून एक प्रतिनिधी निवडणे होय. ती निवड सरासरीने व पायरीपायरीने केल्यास अनुस्वारासारखी सूक्ष्म चिन्हे टिकण्याची शक्यता वाढते. लायब्ररी मूळ चित्र अबाधित ठेवून केवळ गुणक बदलते. तरीही अंतिम तपासणी माणसालाच करावी लागते : लहान केलेले पान मुळाशेजारी ठेवून निदान काही ओळी ताडून पाहाव्यात.

७.४ पारिभाषिक शब्द

- कॅनव्हास : वेबपृष्ठावरील, स्क्रिप्टने चित्र उमटवण्याची चौकट.
- पिक्सेल : चित्राचा सर्वांत लहान चौकोनी घटक.
- मापनगुणक : मूळ मापाला ज्या संख्येने गुणून नवे माप मिळते ती संख्या.
- अंतर्वेशन : ज्ञात पिक्सेलांवरून नव्या पिक्सेलचे मूल्य काढणे.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) गुणक ०.२५, नवे माप ४०० गुणिले ३००. (आ) चूक. सीएसएसमुळे केवळ बाहेरचे माप बदलते.
प्रश्न २ : (अ) २५. (आ) ३६० पिक्सेल.

७.६ स्वाध्याय

१. कॅनव्हासची दोन मापे सोदाहरण स्पष्ट करा.
२. 'लहान केलेल्या चित्रातून नाहीसा झालेला अनुस्वार ही केवळ तांत्रिक त्रुटी नसते.' या विधानाची चर्चा करा.
३. तुमच्या घरातील किंवा वाचनालयातील १९६२ पूर्वीचे एक छापील पान स्कॅन करा. त्याच्या निम्म्या, चौथाई व एक-अष्टमांश आकाराच्या प्रती तयार करा. प्रत्येक प्रतीत किती अनुस्वार स्पष्ट दिसतात, किती संदिग्ध आहेत आणि किती नाहीसे झाले, याचा तक्ता करून आपला निष्कर्ष दहा ओळींत लिहा.